कातकरी वस्तीवरचा सदस्य शाळेच्या बैठकीत का बोलत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाई तालुक्यात धोम धरणाच्या काठच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका विचारतात: पट ४२, त्यातली १५ मुलं शेजारच्या कातकरी वस्तीवरची. नावं पटावर आहेत, पण निम्मी मुलंही रोज येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत वस्तीवरचा एक पालक घेतला. तो यायचा, सही करायचा, बोलायचा काहीच नाही. आता येईनासाही झालाय. वस्तीतलं नेतृत्व कसं तयार करायचं? मुलांच्या बोलीचं काय करायचं? आणि 'सगळं त्यांच्यासाठीच चाललंय' म्हणून गावातले पालक कुरकुरतात, त्यांना काय सांगायचं?

मॅडम, कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. तुमच्याच पटाचं गणित मांडा. बारा जणांची समिती धरली तर पालक नऊ. ४२ मुलांपैकी १५ वस्तीवरची, म्हणजे नवातल्या तीन जागा वस्तीच्या होतात. तुम्ही एक दिलीय. अकरा जणांत एकटा माणूस गप्प बसला तर त्याच्या स्वभावाला बोल लावू नका. तिघं असली, त्यात दोन बाया असल्या, की निदान एकमेकांच्या तोंडाकडं बघून तरी बोलायला लागतात.

पण तीन जागा भरल्या म्हणून काम झालं असं नाही. तुमची बैठक कधी असते? बहुतेक ठिकाणी ती शनिवारी शाळा सुटल्यावर, म्हणजे शिक्षकांच्या सोयीनं असते. वस्तीवरचा माणूस त्या वेळी पाण्यावर जाळं घेऊन असतो, नाहीतर कुणाच्या रानात रोजानं. बैठकीला यायचं म्हणजे त्याचा रोज बुडतो. गावातला सदस्य गाडीवरून येतो, चहा पितो आणि वाटेतलं आणखी एक काम उरकून घरी जातो. शिवाय बैठकीत असतं काय? मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, अनुदानाच्या खर्चास मंजुरी देणे, ऐनवेळचे विषय. सगळं आधीच ठरलेलं, फक्त सही हवी. आपल्या सहीनं काही हलत नाही हे शहाण्या माणसाला दोन बैठकांत कळतं. तुमच्या त्या सदस्याला ते कळलंय, म्हणून तो येत नाही. मला तर तो समितीतला सगळ्यात सरळ माणूस वाटतो.

तेव्हा माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं: वस्तीच्या हातात एखादा खरा निर्णय द्या. छोटा चालेल. पण एकदा दिला की तो मागल्या दारानं फिरवू नका.

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा, असताना जावळीच्या बाजूला एका शाळेची बैठक आम्ही दिवेलागणीला वस्तीवरच घेतली होती. मुख्याध्यापकांनी इतिवृत्ताची वही नेली होती, ती पिशवीतच राहिली. पुरुष ओट्यावर बसले, बाया दारात. पहिला बराच वेळ रेशन, लाइटीचा खांब आणि वनखात्याचा माणूस यांतच गेला. हे काही शाळेचे विषय नव्हेत म्हणून मुख्याध्यापकांची चुळबुळ चाललेली, मी त्यांना डोळ्यानंच थांबवलं. मग मासे साफ करत बसलेली एक म्हातारी मान वर न करताच म्हणाली, "पोरं साळंत येत्याती, पन तहान लागली तरी नळावर जात न्हाईत. कोनतरी हाटकतं." शाळेत टाकी होती, चार तोट्या होत्या, तपासणीच्या अहवालात पाण्याच्या सोयीपुढं 'आहे' असं लिहिलेलं होतं. हटकणारी मोठ्या वर्गातली पोरं होती. उपायही म्हातारीनंच सांगितला: पाण्याचं पिंप बाईंच्या टेबलाजवळ ठेवा, तिथं कुणी हटकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पिंप ठेवलं. ठराव कुणाच्या सूचनेवरून झाला ते इतिवृत्तात लिहिलं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्या बैठकीला वस्तीवरून न बोलावता सात-आठ बाया आल्या होत्या.

ती म्हातारी समितीत नव्हती. पण वस्तीवर भांडण मिटवायला, सोयरीक ठरवायला, कुणी आजारी पडलं तर दवाखाना की झाडपाला हे सांगायला लोक तिच्याकडंच जात. नेतृत्व असं आधीपासून असतं. ते तुमच्या कार्यालयातल्या खुर्चीपर्यंत येत नाही, म्हणून तुम्हाला तिथवर जावं लागतं. चार संध्याकाळी वस्तीवर काढा आणि कुणी बोलायला लागलं की बाकीची गप्प होतात ते बघा.

इथं एका माणसापासून मात्र जपून राहा. वस्तीवर गेलात की पहिला पुढं येतो तो चांगलं मराठी बोलणारा, खिशात मोबाइल आणि तोंडात सरपंचाचं नाव असणारा. शाळेला तो सोयीचा वाटतो आणि समितीत त्याचीच वर्णी लागते. बऱ्याचदा हा वीटभट्टीचा मुकादम असतो, नाहीतर मुकादमाचा भाऊ. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा हाच उचल देतो आणि दिवाळीनंतर त्या उचलीपायी अख्खं कुटुंब भट्टीवर नेतो. मुलं वस्तीवर राहिली, तर आईचा जीव मागं राहतो आणि विटा कमी पडतात. मुलं शाळेत टिकण्यात त्याचा तोटा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, उचल काही बंद झालेली नाही. हा माणूस वाईट असतोच असं नाही, वस्तीच्या अडीनडीला खरोखर उभा राहतो. पण समितीत वस्तीचा आवाज म्हणून त्याला बसवलंत, तर आवाज भट्टीमालकाचा येईल.

आता निर्णय कोणते द्यायचे. जूनचंच घ्या. शाळा उघडते आणि पहिला मोठा पाऊस पडतो, ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. ते तीन-चार दिवस वस्तीवरचं एकही मूल शाळेत दिसत नाही आणि आपण हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा ओढतो. शाळेची वेळ बदलायला वरची परवानगी लागते, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवसांतला बुडालेला अभ्यास कधी भरून काढायचा, मुलांना ओढ्यावरून शाळेत कोण आणणार, शिक्षकांनी एक दिवस ओढ्यावरच परिसर अभ्यासाचा तास घ्यायचा का, हे वस्तीतल्या सदस्यांना ठरवू द्या. तिसरीतलं पोर कोणता मासा कुठल्या पाण्यात चढतो हे शिक्षकाला सांगतं तेव्हा वर्गातली गावातली मुलंही कान टवकारतात.

दुसरा निर्णय जास्त अवघड आहे आणि मला विचाराल तर तोच खरा: पोषण आहार कोण शिजवणार. मदतनिसाची जागा रिकामी झाली की वस्तीवरच्या बाईचं नाव पुढं आणा. एका शाळेत हे झालं तेव्हा कुणी उघड विरोध केला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून चार-पाच घरच्या मुलांच्या दप्तरात डबे यायला लागले. मुख्याध्यापक समजूतदार होते. त्यांनी भाषण दिलं नाही, पालकसभा बोलावली नाही, की कुणाला नोटीस दिली नाही. रोज दुपारी दोन्ही शिक्षक ताट घेऊन मुलांच्या पंगतीत बसायचे आणि भात दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. हळूहळू डबे कमी झाले. दोन घरचे शेवटपर्यंत येत राहिले, ते काही सुटले नाहीत. पण त्या बाईंच्या मुलीची वर्षभरात एक दिवस गैरहजेरी नव्हती, आणि वस्तीवरची मुलं सकाळी त्यांच्या मागोमाग रांगेनं शाळेत यायची. हाकारे घालत वस्तीवर फिरायची वेळ शिक्षकांवर पुन्हा आली नाही.

साताऱ्यात याला जुना आधार आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, आळीपाळीनं रांधायची आणि एका पंगतीला जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. आपण आज त्या वसतिगृहाची आठवण काढतो ती पुस्तकी शिक्षणासाठी. माझ्या मते अवघड धडा स्वयंपाकघरातला होता, आणि त्या काळात तो चालवून दाखवायला केवढी छाती लागली असेल याचा अंदाज पोषण आहाराच्या एका जागेवरून येतो.

बोलीबद्दल थोडक्यात. कातकरी मुलं घरी आपली बोली बोलतात, मराठी त्यांना समजतं, पण पहिलीतल्या बाईंचं भरभर पुस्तकी मराठी अंगावर येतं. शिक्षण हक्क कायदाच म्हणतो की शक्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं. इथं सगळं नव्यानं शोधायची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी १९८२ साली वेलिंग्टनजवळ पहिली 'कोहांगा रेओ' सुरू केली: लहान मुलांना दिवसभर फक्त माओरी बोलणाऱ्या आज्या-आजोबांच्या सहवासात ठेवायचं. सुरुवात वस्त्यांनी केली, सरकार मागून आलं. कॅनडात १९७२ साली तिथल्या आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेनं सरकारपुढं मागणी ठेवली की आमच्या मुलांच्या शिक्षणाचा ताबा आम्हा पालकांकडं द्या; पुढच्या वर्षी सरकारनं ती तत्त्वतः मान्य केली. हे जसंच्या तसं तुमच्या गावात उतरणार नाही. तिथं लोकसंख्या, संघटना आणि करारांचं बळ होतं. इथं एकेका वस्तीवर पंचवीस-तीस घरं, त्यातली निम्मी अर्धं वर्ष बाहेर. पण त्यातली आजी उचलता येते. अंगणवाडीत आणि पहिलीत रोज तासभर वस्तीतली एखादी आजी किंवा बारावी झालेली पोरगी बसवा, गोष्टी सांगू द्या, गाणी म्हणू द्या, बाईंनी शेजारी बसून ऐकावं. तिला चार पैसे मिळालेच पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणावरचा खर्च दाखवता येतो, तिथं हा विषय ग्रामसभेत वस्तीच्याच सदस्याकडून मांडून घ्या. फुकट राबवायचं आणि त्याला लोकसहभाग म्हणायचं, असलं काही करू नका.

स्थानिक माणूस शिकवू शकतो का, ही शंका आपल्याकडं फार लवकर काढली जाते. राज्यात २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या तेव्हा पाटण-जावळीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर त्याच भागातली तरुण पोरं निमशिक्षक म्हणून उभी राहिली. मानधन नाममात्र. शिकवण्यात कच्ची होती, प्रशिक्षण नंतर मिळालं. पण पावसात ओढा भरला तरी शाळा बंद राहत नव्हती, कारण मास्तर ओढ्याच्या अलीकडंच राहत होता.

आता कागद. नेतृत्वाच्या प्रश्नात हा विषय कशाला, असं वाटेल. पण वस्तीतली जी पोरगी उद्या अंगणवाडीसेविका, शिक्षिका, ग्रामपंचायत सदस्य होऊ शकते ती बारावीनंतर अडकते ती बहुतेक वेळा जातीच्या दाखल्यावर. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याला स्वतःची जागा नव्हती, शाळा नव्हती, त्यांनी तो कुठून आणायचा? तहसील कचेरीतला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी सापडतात. कुठं कातकरी, कुठं कातोडी, कुठं काथोडी असं लिहिलेलं असतं. त्या नकला काढायला वस्तीतल्या दोन तरुण पोरांना सोबत घेऊन जा, त्यांना खिडकी कोणती आणि अर्ज कसा हे एकदा दाखवा. पुढच्या घराचं काम ती पोरं तुमच्याशिवाय करतील. आणि तुमच्या स्वतःच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. जात-जमातीचा रकाना प्रवेशाच्या वेळी पालकाला विचारून, वाचून दाखवून भरा. आज घाईत नुसतं 'हिंदू' लिहिलंत, तर वीस वर्षांनी कुणाची तरी पडताळणी त्याच ओळीवर अडेल. प्रवेश मात्र कागदासाठी अडवायचा नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्वच्छ आहे.

सातारा-सांगलीची आणखी एक अडचण आहे. इथं अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळं पेसाची, म्हणजे आदिवासी भागातल्या गावांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याची, ग्रामसभा नाही. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला, म्हणजे पुण्याच्याही पलीकडं आंबेगाव तालुक्यात. सातारा जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास, सांगलीत त्याहून कमी; म्हणून कुठल्याच आढावा बैठकीत हा विषय वरच्या पाच क्रमांकांत येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पीएम-जनमन' ही सगळ्यात मागं राहिलेल्या आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना सुरू झाल्यापासून कातकरी वस्त्यांवर आधार, दाखले, घरकुलं यांची शिबिरं लागतात. शिबिराची तारीख कळली की आधी वस्तीतल्या सदस्यांना कळवा आणि कुणाचे कागद अपुरे आहेत त्याची यादी त्यांनाच करू द्या. ग्रामसेवकानं केलेल्या यादीत भट्टीवर गेलेली घरं हमखास सुटतात.

माण, फलटण किंवा सांगलीकडच्या जत-आटपाडीतून हे कुणी वाचत असेल तर एक वेगळी सूचना. पारधी वस्तीवर हीच रीत चालेल, पण तिथं पहिली अडचण भीतीची असते. १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली मुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी त्यांच्या पालावर जाते. तिथला बाप पंचायतीच्या कार्यालयात सही करायला कचरतो, त्याला दोष देऊ नका. जातपंचायत हेही नेतृत्वच आहे, पण त्यात बाईला जागा नसते. पंचांना मान द्या, शाळेचा निर्णय मात्र आयांसोबत करा. पंचांनी एखाद्या घराला वाळीत टाकायची भाषा केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो धमकी म्हणून वापरू नका, माहीत असू द्या.

गावातल्या पालकांच्या कुरकुरीबद्दल. 'सगळं त्यांच्यासाठीच' ही तक्रार बहुधा गणवेश, शिष्यवृत्ती आणि मोफत वह्यांवरून निघते. तिला तत्त्वज्ञानानं उत्तर देऊ नका. समितीच्या बैठकीत वर्षभराचा सगळा खर्च फळ्यावर लिहा, कशावर किती आणि कुणासाठी. बराचसा पैसा सगळ्यांच्याच मुलांवर खर्च होतो हे आकड्यांतून दिसतं. जी रक्कम फक्त वस्तीच्या मुलांसाठी आहे ती कुठल्या योजनेची आहे तेही लिहा. आणि गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला आधी एकट्याला गाठून सांगा की वस्तीची १५ मुलं गळाली तर पट २७ वर येतो, आणि तो असाच घसरत राहिला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाच्या पदाचं काय होईल. हे स्वार्थाचं बोलणं आहे, मान्य. पण दोन शिक्षकी शाळेची एक शिक्षकी झालेली गावातल्या कुठल्याच पालकाला नको असते, आणि कामाला लागायला तेवढं पुरतं. मनं बदलायची ती पंगतीत बदलतील.

शेवटी तारखेचं. समितीची मुदत दोन वर्षांची असते, तुमची कधी संपते ते बघा. पालकसभा दिवाळीआधी घ्या आणि शक्य तर वस्तीवरच घ्या. दिवाळीनंतर निम्मी घरं भट्टीवर गेलेली असतात आणि मग 'वस्तीतून कुणी उपस्थित नव्हते' असं इतिवृत्तात लिहिलं जातं. त्याच सभेत, जी कुटुंबं जाणार आहेत त्यांच्या मुलांची शिक्षण हमी पत्रकं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचे कागद, भरून घ्या, आणि भट्टी कोणत्या गावाच्या हद्दीत आहे ते मुकादमाला न विचारता आयांना विचारा. त्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन वस्तीच्या सदस्यानं करायचा, तुम्ही फक्त नंबर मिळवून द्यायचा.